सल्लागार मंडळाची मीटिंग होते पण पुढे काहीच हलत नाही: दर सहा महिन्यांनी येणारा प्रॉब्लेम आणि आम्हाला लागू पडलेले उपाय

प्रॉब्लेम असा आहे. विद्यापीठातल्या विभागाचं एक सल्लागार मंडळ असतं, त्यात एमआयडीसीतले दोन-तीन कारखानदार, एखादे निवृत्त प्राध्यापक, चार-पाच माजी विद्यार्थी, कोणी बँकेतून किंवा सरकारी खात्यातून रिटायर झालेलं, अशी मंडळी असतात आणि सगळी बिनमोबदला, निव्वळ आपुलकीने येणारी. पहिल्या मीटिंगला झाडून सगळे येतात, दुसरीला निम्मे, आणि तिसरीला आदल्या संध्याकाळपासून फोन सुरू होतात, "मॅडम, उद्याचं जरा अवघड दिसतंय, तुम्ही करा, माझी हरकत नाही." मग आपण घाईघाईने विभागातलेच शिक्षक खुर्च्यांवर बसवतो, फोटो काढतो, इतिवृत्त लिहितो आणि पुढच्या सहा महिन्यांनी परत तेच.

मी सहा वर्षं आमच्या विभागाच्या मंडळाची सदस्य सचिव आहे (पश्चिम महाराष्ट्रातलं विद्यापीठ, मेकॅनिकलशी संबंधित विभाग, एवढं पुरे). त्यातली पहिली तीन वर्षं मी हा प्रॉब्लेम चुकीच्या ठिकाणी शोधत होते. मला वाटायचं लोक बिझी आहेत, तारीख जमत नाही, म्हणून मी तारखा बदलत राहिले, आमंत्रणपत्र छान छापलं, जेवण चांगलं ठेवलं. काही फरक पडला नाही. खरं कारण एका मीटिंगमध्ये कळलं, ते आधी सांगते, कारण बाकीचे सगळे उपाय त्याच्यावरच उभे आहेत.

आमच्या मंडळावर एक फाउंड्रीवाले (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे) साहेब आहेत, सत्तरीच्या पुढचे, खिशाला दोन पेनं आणि हातात कायम एक छोटी लाल डायरी. त्या दिवशी विभागाचं प्रेझेंटेशन ५२ स्लाइडचं होतं, निकाल, प्लेसमेंट, शिक्षकांचे पेपर, कार्यशाळांचे फोटो, सगळं. दोन तासांच्या मीटिंगमधला पावणेदोन तास त्यातच गेला आणि "सदस्यांच्या सूचना" या विषयाला पंधरा मिनिटं उरली. साहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी डायरीची मागची पानं उलटली आणि वाचून दाखवलं, "मुलांना ड्रॉइंग वाचता येत नाही. टॉलरन्स विचारला की गप्प होतात." (टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालतो ते.) मग तारीख वाचली, तीन वर्षांपूर्वीची. मग आणखी मागचं एक पान काढलं, त्याच्याही आदल्या वर्षीचं, तेच वाक्य. आवाज अजिबात चढलेला नव्हता. डायरी मिटून म्हणाले, "मॅडम, मी हे एकदाच लिहून देऊ का? म्हणजे मला दरवेळी यायला नको."

मी त्या रात्री जुनी रजिस्टरं काढून बसले. चार मीटिंगांच्या इतिवृत्तात एकच वाक्य होतं: "सन्माननीय सदस्यांनी अभ्यासक्रमाविषयी मौलिक सूचना केल्या व त्यावर सविस्तर चर्चा झाली." ड्रॉइंग हा शब्दच कुठे नव्हता. त्यांनी चारदा सांगितलं आणि आम्ही चारदा ते पुसून टाकलं. वेळ काढून, स्वतःचं पेट्रोल जाळून आलेल्या माणसाला आपल्या बोलण्याचं पुढे काय झालं हेच कळत नसेल तर तो का येईल? लोक बिझी असतात हे खरंच आहे, पण आपलं सांगणं कुठेतरी उमटतंय म्हटल्यावर तीच बिझी माणसं वेळ काढतात, हे मी नंतर स्वतः पाहिलं.

म्हणून तुमच्याकडे हजेरी गळत असेल तर तारखा बदलायच्या आधी हे एक काम करा. मागच्या तीन-चार मीटिंगांत कोणी काय सुचवलं होतं ते शोधा, इतिवृत्तात सापडणार नाही, त्यामुळे सरळ सदस्यांना फोन करून विचारा, त्यांच्या बरोबर लक्षात असतं. त्याची एक यादी करा आणि प्रत्येक सूचनेपुढे एका ओळीत खरं उत्तर लिहा. झालं, होतंय, होणार नाही आणि का होणार नाही. "होणार नाही" लिहायला आपल्याला संकोच वाटतो, पण आमच्या अनुभवात लोकांना नकाराचं वाईट वाटलं नाही, गप्प बसण्याचं वाटत होतं. आमच्या यादीत २३ सूचना निघाल्या, त्यातल्या ७ आम्ही नकळत आधीच केलेल्या होत्या आणि सांगायच्याच राहिल्या होत्या! ती यादी मी सगळ्यांना पाठवली आणि त्याच आठवड्यात दोन वर्षं न आलेल्या एका माजी विद्यार्थिनीचा मेल आला, पुढची मीटिंग कधी आहे म्हणून.

आता सूचना अडकतात कुठे. हे नीट समजून घ्या कारण बाहेरच्या माणसाला विद्यापीठाची वाट माहीत नसते आणि आपण ती सांगत नाही. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळ ही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मधली प्राधिकरणं, त्यांना कायद्याने अधिकार आहेत. विभागाचं सल्लागार मंडळ त्या यादीत नाही. ते फक्त सल्ला देऊ शकतं, अभ्यासक्रमातला एक स्वल्पविरामसुद्धा स्वतः बदलू शकत नाही. बदल करायचा तर विषय अभ्यास मंडळाकडे जाणार, तिथून विद्याशाखेकडे, मग विद्या परिषदेकडे, आणि तोपर्यंत वर्ष गेलेलं असतं. कारखान्यातल्या माणसाला हे पटत नाही, त्याच्याकडे सकाळी ठरलेली गोष्ट दुपारच्या शिफ्टला लागू होते. त्यामुळे त्याला वाटतं ही मंडळी टाळताहेत.

यावर आम्ही असं केलं की मीटिंगमध्ये सूचना आली की तिथल्या तिथे ठरवायचं ही कुठल्या वाटेने जाणार. काही गोष्टी विभाग उद्यापासून करू शकतो: टर्मवर्कमधला, म्हणजे सत्रभर करून घ्यायच्या कामातला, एखादा भाग बदलणं, प्रात्यक्षिकात नवीन नमुना आणणं, ३० तासांचा व्हॅल्यू अॅडेड कोर्स (अभ्यासक्रमाबाहेरचा जोड कोर्स) सुरू करणं, कोणाला लेक्चरला बोलावणं. यांना कोणाची परवानगी लागत नाही किंवा विभागप्रमुखांची पुरते. काही गोष्टी अभ्यास मंडळाकडे जाणाऱ्या. काही पैशांच्या, म्हणजे मशीन घ्यायचं, सॉफ्टवेअर घ्यायचं, तिथे खरेदीचे नियम आणि बजेट आलं. आणि काही आपल्या हातातच नाहीत, उदाहरणार्थ प्रवेशाचे निकष किंवा शिक्षकांच्या रिकाम्या जागा, ते तोंडावर सांगून टाकायचं. ड्रॉइंगचंच घ्या. आम्ही चार वर्षं मनात धरून बसलो होतो की हे अभ्यासक्रम बदलल्याशिवाय होणार नाही. प्रत्यक्षात साहेबांनी त्यांच्या कारखान्यातली जुनी, गिऱ्हाइकाचं नाव खोडलेली सहा ड्रॉइंग दिली, आणि दुसऱ्या वर्षाच्या टर्मवर्कमध्ये प्रत्येक मुलाने एक ड्रॉइंग वाचून त्यातली मापं, टॉलरन्स, मशीनिंगची खूण आणि मटेरियलची ग्रेड एका पानावर लिहून द्यायची, एवढंच केलं. त्याला कुठलाच ठराव लागला नाही.

अजेंडा. माझ्या मते अर्धा रोग इथे आहे. आपला अजेंडा बहुतेक वेळा असा असतो: मागील इतिवृत्त कायम करणे, विभागाच्या प्रगतीचा आढावा, अभ्यासक्रमावर चर्चा, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आता "अभ्यासक्रमावर चर्चा" वाचून कोणी काय तयारी करून यावं? मग लोक जे मनात येईल ते बोलतात, "मुलांचं कम्युनिकेशन सुधारलं पाहिजे", "इंडस्ट्री ओरिएंटेड शिक्षण हवं", आणि ती वाक्यं कुठेच जात नाहीत. दोष त्यांचा नाही, आपण प्रश्नच विचारलेला नसतो. आता आम्ही विषय लिहीत नाही, प्रश्न लिहितो. उदाहरणार्थ, "कास्टिंगच्या (ओतकामाच्या) विषयात सध्या ८ प्रात्यक्षिकं आहेत, साच्याच्या वाळू तपासणीची दोन वाढवायची तर कुठली दोन काढावीत?" असा प्रश्न आठ दिवस आधी हातात पडला की फाउंड्रीवाले साहेब आपल्या क्वालिटीच्या माणसाला विचारून येतात, आयटीत काम करणारी आमची एक सदस्य म्हणते हा माझा विषय नाही पण डेटा कसा नोंदवायचा ते मी शिकवू शकते. एका मीटिंगला असे तीनच प्रश्न. चौथा घातला की पहिले तीन अर्धवट राहतात, मी करून पाहिलंय.

आणि प्रेझेंटेशन बंद. पूर्ण बंद. विभागाची सगळी माहिती जास्तीत जास्त चार पानांत अजेंड्यासोबत आठ-दहा दिवस आधी पीडीएफ करून पाठवायची, मीटिंगमध्ये फक्त "त्यावर कोणाला काही विचारायचंय का" एवढंच. आमच्या विभागप्रमुखांना हे सुरुवातीला जड गेलं कारण वर्षभर केलेलं काम दाखवावंसं वाटतं आणि ते साहजिक आहे, मी त्यांना म्हटलं सर, आपण मीटिंगनंतर अर्धा तास लॅब फिरून दाखवू, तिथे काम आपोआप दिसेल. ते जास्त बरं झालं. लॅबमध्ये लोक मशीनला हात लावून प्रश्न विचारतात.

वेळेची वाटणी आमची साधारण अशी असते, एकूण दीड तास: पहिली पंधरा मिनिटं मागच्या सूचनांचं काय झालं, मग तिन्ही प्रश्नांना वीस-वीस मिनिटं, शेवटची पंधरा मिनिटं मोकळी. मागच्या सूचनांचं काय झालं हे कायम पहिलं. ते शेवटी ठेवलं की गाडी पकडायच्या घाईत कापलं जातं.

एक-दोन माणसंच सगळा वेळ बोलतात, हा प्रॉब्लेम प्रत्येक मंडळात आहे. त्यांना मधेच तोडून गप्प करता येत नाही, वयाने आणि मानाने मोठी माणसं असतात, आपण सचिव, आपल्याला ते शोभतही नाही. उपाय दोन. एक, अध्यक्ष बाहेरचा असू द्या, उद्योगातला, विभागप्रमुख नको, आणि आदल्या संध्याकाळी अध्यक्षांना दहा मिनिटं फोन करून सांगा की या प्रश्नावर अमुक मॅडमचं मत हवंय, त्या स्वतःहून बोलत नाहीत. दुसरा, प्रश्न मांडला की पहिली फेरी टेबलाभोवती फिरवायची, प्रत्येकाने दोन मिनिटं, आणि सुरुवात सगळ्यात लहान वयाच्या सदस्यापासून. आपल्याकडे मोठे आधी बोलले की लहान नंतर "सर म्हणाले तेच" म्हणून बसतात. सुरुवात लहानांपासून केली तर हे टळतं, आणि मोठ्यांनाही शेवटी बोलण्यात मान वाटतो.

कोरमबद्दल (मीटिंग वैध व्हायला किमान किती सदस्य हवेत, त्याबद्दल) एक गोष्ट लक्षात आली नाही तर फसगत होते. आमचे १४ सदस्य, त्यात ७ विभागातले. कोरम निम्म्यांचा होता. म्हणजे बाहेरचा एकही माणूस आला नाही तरी मीटिंग कागदावर पक्की! मग ते सल्लागार मंडळ कसलं, ती तर विभागाची स्टाफ मीटिंग झाली. आम्ही नियम बदलला, बाहेरच्या सात जणांपैकी किमान चार हवेत, नाहीतर मीटिंग नाही. काही ठिकाणी आयक्यूएसीचा (संस्थेतल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा) दोन-तृतीयांश कोरम आणि दर तिमाहीची बैठक तसंच्या तसं इकडे उचललेलं मी पाहिलंय, ते नॅकने, म्हणजे संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, आयक्यूएसीसाठी सांगितलेलं आहे, आपल्या मंडळाला झेपेल असं आपण ठरवायचं. महाविद्यालय विकास समितीचंही तसंच, तिच्या वर्षाला चार बैठका कायद्यात आहेत, कारण ती कायद्यातली समिती आहे. सल्लागार मंडळाला वर्षात दोन मीटिंगा पुरतात, आणि मधे लागला तर एखादा पाऊण तासाचा ऑनलाइन कॉल.

तारखांचं थोडक्यात. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही तारखा ठरवून टाका आणि कॅलेंडरचं निमंत्रण पाठवा, पंधरा दिवस आधी तारीख विचारत बसू नका. मार्च एंड, तिमाहीचा शेवटचा आठवडा, गणपती, दिवाळी, हे सगळे टाळा. आम्ही जुलै आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरतो. डिसेंबर अशासाठी की तेव्हा आलेली अभ्यासक्रमाची सूचना अभ्यास मंडळाकडे वेळेत देता येते, फेब्रुवारी-मार्चमध्ये मीटिंग घेतली तर पुढच्या जूनची गाडी निघून गेलेली असते. आणि एमआयडीसीचा वार बघा. विजेच्या स्टॅगरिंगमुळे, म्हणजे भार वाटला जावा म्हणून भागाभागाला वेगळा सुट्टीचा वार दिल्यामुळे, बऱ्याच एमआयडीसींना आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात ती गुरुवारी असते. आम्हाला वाटायचं शनिवार सगळ्यांना सोयीचा, तर तिकडच्या लोकांना तो भर कामाचा दिवस. पुण्याहून येणारे दोघे गुरुवारी आरामात येतात, सकाळी लवकर निघून खंबाटकी घाट उतरून अकरापर्यंत पोचतात.

गेटवरची गोष्ट छोटी वाटेल पण सांगतेच. एकदा एक सदस्य ९० किलोमीटर गाडी चालवून आले आणि मेन गेटवर सिक्युरिटीने वीस मिनिटं थांबवलं, रजिस्टरमध्ये नाव, गाडी नंबर, कोणाकडे जायचंय, मग विभागात फोन, फोन कोणी उचलला नाही कारण आम्ही सगळे हॉलमध्ये पुष्पगुच्छ लावत होतो. ते आत आले तेव्हा काही बोलले नाहीत पण पुढच्या तीन मीटिंगांना आले नाहीत. तेव्हापासून आदल्या दिवशी गाड्यांचे नंबर गेटवर दिलेले असतात आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी गेटपाशी उभे असतात. विद्यार्थ्यांनाही ओळख होते, मागच्या वर्षी एकाला गेटवरच्या त्या पाच मिनिटांच्या गप्पांतून इंटर्नशिप मिळाली.

सत्काराचंही बोलते. शाल-श्रीफळ, गुच्छ, स्वागतगीत, परिचय, प्रत्येक मीटिंगला हे केलं तर पंचवीस मिनिटं जातात. आपली पद्धत आहे आणि चांगली पद्धत आहे, पण ती एकदाच करावी, सदस्य नव्याने आल्यावर आणि मुदत संपून निघताना. आणि प्रवासखर्च स्वतःहून विचारा. मानधन घेणार नाहीत ते, पण टोल-पेट्रोलचा खर्च मागायला संकोचतात आणि आपला फॉर्म असा असतो की चार सह्या आणि मूळ पावत्या, त्यापेक्षा नको म्हणतात. निवृत्त माणसाला हा खर्च जाणवतो. आम्ही फॉर्म आधीच भरून ठेवतो, त्यांनी फक्त सही करायची, मागे मी लागते.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष एकत्र, म्हणजे हायब्रिड, याने आमचे सगळ्यात जास्त हाल झाले. लांब टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाचं बोलणं तिकडे ऐकूच जात नाही, ऑनलाइनवाले पंधरा मिनिटांत कॅमेरा बंद करतात आणि आपल्याला वाटतं त्यांना रस नाही. जमलं तर सगळे प्रत्यक्ष किंवा सगळे ऑनलाइन. ते शक्य नसेल तर टेबलाच्या मधोमध ठेवायचा स्पीकर-माइक घ्या, एका शिक्षकाला फक्त ऑनलाइन सदस्यांकडे लक्ष ठेवायला बसवा, आणि प्रत्येक फेरीत त्यांना आधी बोलू द्या. परदेशातले माजी विद्यार्थी असतील तर वेळ जुळवून बघा: आपल्या सकाळच्या आठला कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात असतात, ते चालतं. जर्मनीतल्यांना आपली संध्याकाळ सोयीची. दोघांना एकाच वेळी बोलवायचा हट्ट करू नका.

इतिवृत्त. "चर्चा झाली", "सूचना नोंदवण्यात आल्या", "सर्वानुमते मान्य" ही वाक्यं आम्ही बंद केली. प्रत्येक मुद्द्यापुढे तीनच गोष्टी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. "कोण" मध्ये विभाग नाही, माणसाचं नाव. आणि तीन दिवसांच्या आत एक पान सगळ्यांना गेलं पाहिजे, सह्यांची सुबक प्रत नंतर निघेल तेव्हा निघेल. अलीकडच्या एका मीटिंगच्या पानातली एक ओळ अशी आहे: "वाळू तपासणीची २ प्रात्यक्षिकं तिसऱ्या वर्षाला, यंत्र विभागाकडे आहे, नमुने फाउंड्रीकडून, जबाबदारी लॅब प्रमुख, १५ ऑगस्टपूर्वी पहिली बॅच." (लॅब प्रमुखांचं नाव इथे गाळलंय.) याच ओळीपुढे पुढच्या मीटिंगला "झालं" किंवा "राहिलं, कारण..." लिहायचं. तोच आपला कार्यवाही अहवाल, वेगळा बनवायची गरज नाही, नॅक किंवा एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळाची) समिती आली की तोच समोर ठेवायचा.

आणि यावरून एक कळकळीने सांगते. समिती येणार म्हटल्यावर न झालेल्या मीटिंगांची मागच्या तारखांची इतिवृत्तं लिहून सदस्यांकडे सह्यांना पाठवली जातात, हे होतं, मला माहीत आहे. करू नका. ज्या माणसाने विश्वासाने तुम्हाला आपलं नाव दिलं त्याच्याकडून खोट्या कागदावर सही घेतली की तो मनातून तुटतो, सही करतो पण पुन्हा येत नाही. मीटिंग झाली नसेल तर रजिस्टरमध्ये लिहा, अमुक कारणाने बैठक होऊ शकली नाही. आम्ही २०२० चं एक पान तसंच ठेवलंय.

अपेक्षांचा घोळ हाही नेहमीचा. विद्यापीठाला वाटतं सदस्य म्हणजे प्लेसमेंट आणि देणगी, एखाद्या सदस्याला वाटतं भाच्याच्या अॅडमिशनचं बघतील. दोन्ही बाजूंनी कोणी उघड बोलत नाही आणि मग दोन्हीकडे नाराजी. नियुक्तीपत्रासोबत एक पान द्या, साध्या मराठीत: मंडळाचं काम काय, काय नाही, वर्षातून किती वेळ लागेल, मुदत किती, खर्च कोण देणार. त्यात हेही लिहा की एखाद्या विषयात आपला व्यवसाय गुंतलेला असेल तर सदस्याने ते सांगावं आणि त्या विषयापुरतं बाजूला बसावं. आमच्याकडे ट्रेनिंग सॉफ्टवेअर विकणारे एक सदस्य होते आणि तेच सॉफ्टवेअर घ्यावं असा आग्रह दोन मीटिंगा चालला, पान हातात नसल्यामुळे कोणालाच बोलता येईना. पुढे ते पान आल्यावर त्यांनीच मोठ्या मनाने सांगितलं की मी या विषयात बोलणार नाही.

मुदत आम्ही तीन वर्षांची केली आणि दरवर्षी बाहेरच्या सातपैकी दोघे-तिघे बदलतात, म्हणजे एकदम सगळं मंडळ नवं होत नाही. न येणाऱ्या सदस्याला कसं थांबवायचं हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय. पत्र पाठवू नका, फोन करा. मी असं म्हणते, "सर, तुमच्या मागे कामं खूप आहेत, दरवेळी निमंत्रण पाठवून आम्ही तुम्हाला अडचणीत टाकतोय असं वाटतं. मंडळातून मोकळं करू का? गरज पडेल तेव्हा एखाद्या विषयापुरता हक्काने फोन करेन." आजवर एकानेही वाईट वाटून घेतलं नाही, आणि एक जण तर त्यानंतरच नियमित यायला लागले.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय दर दोन वर्षांनी सगळं शून्यावर येतं: सचिवाची जबाबदारी बदलते आणि सगळा पत्रव्यवहार जुन्या सचिवाच्या खासगी मेलमध्ये अडकतो. मंडळासाठी विभागाचा वेगळा मेल आयडी काढा, फाइली विभागाच्या ड्राइव्हवर, व्हॉट्सअॅप ग्रुपला दोन अॅडमिन, आणि त्या ग्रुपवर सुप्रभात-वाढदिवस नको, फक्त मंडळाचं काम. जबाबदारी देताना नव्या सचिवाला घेऊन प्रत्येक बाहेरच्या सदस्याला एकदा भेटून या, निदान फोनवर तरी ओळख करून द्या. मी पुढच्या जूनमध्ये हे काम सोडतेय, माझ्यानंतर येणाऱ्या सरांना घेऊन परवा फाउंड्रीत जाऊन आले. साहेबांनी त्यांना आधी मोल्डिंगची लाइन दाखवली, चहा पाजला, मग लाल डायरी काढून नवं पान उघडलं आणि म्हणाले, "ड्रॉइंगचं झालं. आता मला गेज, म्हणजे मापं तपासायचं साधन, कसं धरायचं त्याबद्दल बोलायचंय."